येन मोजायचे कसे: मिलियनमधून, लाखातून की थेट ‘मान’मधून?

जपानला निघालेला आपल्याकडचा माणूस ‘इची, नी, सान’ (एक, दोन, तीन) चार दिवसांत पाठ करतो. अडतो तो ‘मान’पाशी. पगार ‘निजूहाचि मान एन’ असा कानावर येतो (जपानी माणूस येनला ‘एन’च म्हणतो) आणि डोकं बंद पडतं. मान म्हणजे दहा हजार. हे झाले अठ्ठावीस मान. आता याचा हिशेब कुठल्या वाटेने लावायचा?

इंग्रजीची वाट सोपी वाटते, कारण कागदावर २८०,००० असंच छापलेलं असतं, स्वल्पविराम तीन अंकांवर. पण तोच आकडा जपानी तोंडात चार-चार अंकांनी तुटतो: दहा हजार मानांचा एक ‘ओकु’, दहा हजार ओकुंचा एक ‘चो’. म्हणजे डोळा एकीकडे, कान दुसरीकडे. मिलियन म्हणजे शंभर मान, बिलियन म्हणजे दहा ओकु. इथे माझी तरी दांडी उडते. ही वाट नकोच.

लाखाची वाट मात्र आपल्याला आयती मिळालेली आहे. दहा मान म्हणजे एक लाख, बस्स. मानांच्या आकड्यात शेवटच्या अंकाआधी टिंब द्या: २८ मान म्हणजे २.८ लाख. साडेचार हजार मानांचं घर म्हणजे साडेचार कोटी येनांचं. शाळेत घोकलेलं ‘दशसहस्र’ म्हणजे मान आणि ‘दशकोटी’ म्हणजे ओकु. चो तर नेमका आपला लाख कोटी, अर्थसंकल्पाच्या बातमीतला. करारावरचा पगार, घरभाडं, अनामत यांसाठी हीच वाट धरा.

दुकानात मात्र तीही कामाची नाही. तिथे रक्कम बहुतेक वेळा मानाच्या खालीच असते आणि गोंधळ होतो तो उच्चारांचा. शंभर म्हणजे ‘ह्याकु’, पण तीनशे ‘सान्ब्याकु’, सहाशे ‘रोप्प्याकु’, आठशे ‘हाप्प्याकु’. हजार ‘सेन’, तर तीन हजार ‘सान्झेन’ आणि आठ हजार ‘हास्सेन’. ह्याकु आणि सेनच्या आधी ‘इची’ लावत नाहीत. मानच्या आधी लावावाच लागतो: ‘इचिमान’. हे सगळं थेट जपानीतच, मोठ्याने म्हणत पाठ करायचं. एकवीस ते नव्याण्णवचं ओझं तर नाहीच. सत्तेचाळीस म्हणजे ‘योन्जू-नाना’, सरळ चार-दहा-सात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ आणलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! जपानी पोरं तसंच मोजतात.

बिल ८६४ येन झालं: ‘हाप्प्याकु रोकुजू योएन’. चारचा ‘योन’ एनआधी ‘यो’ होतो. पैसे हातात न देता गल्ल्यापाशी असलेल्या छोट्या तबकात ठेवायचे. हजाराची नोट ठेवा आणि सोबत चौदा येन सुटे. ‘चार रुपये सुटे द्या’ ऐकत वाढलेल्याला हे शिकवावं लागत नाही. परत दोनच नाणी येतात: एक शंभराचं, एक भोकवालं पन्नासचं.