जिम्नीची डिकी: साच्यातला ट्रे की कापून बसवलेली रबरी मॅट?

पाच दारांच्या मारुती जिम्नीत मागची आसने उभी असताना सामानासाठी जेमतेम २०८ लिटर जागा उरते, त्यामुळे तिथे काय अंथरायचे याचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो.

टीपीई या रबरासारख्या लवचिक प्लॅस्टिकचा, गाडीच्या मापाने साच्यात घडवलेला ट्रे हा पहिला पर्याय. पावसाळ्यात सह्याद्रीतून परतताना ओल्या बुटांचे आणि दोरांचे चिखलपाणी त्याच्या उभ्या कडांमुळे आतच अडते. हेच पाणी खाली झिरपले, तर डिकीतला गालिचा कित्येक दिवस ओला राहतो, कुबट वास सुटतो आणि कालांतराने पत्र्याच्या सांध्यांत गंज धरू शकतो. म्हणूनच मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मात्र आसने दुमडली की त्यांच्या पाठी उघड्याच राहतात आणि तिथे ट्रे अपुरा पडतो.

जाड रबरी मॅट हव्या त्या लांबीची कापून घेता येते, त्यामुळे ती दुमडलेल्या आसनांवरही पसरते, आणि जड अवजारपेटी तिच्यावर सहजी सरकत नाही. पाणी मात्र बाजूने उतरते. शिवाय उन्हात बंद गाडीत नव्या रबराचा उग्र वास काही दिवस जाणवतो.

मुक्कामाचे सामान नेहमी लादणाऱ्यांनी मॅट घ्यावी. पावसात भटकणाऱ्यांना मी निःसंकोच ट्रेच सुचवेन. मॅट कापण्याआधी जाड कागदाचा नमुना डिकीत बसवून पाहावा, आणि काहीही अंथरण्यापूर्वी गालिचा पूर्ण वाळू द्यावा.