आठ महिने एकटीने व्हॅनमध्ये, आणि आता दोन महिने घरी

कॅम्परव्हॅनचा खरा हिशोब रस्त्यावर लागत नाही, घरी परतल्यावर लागतो. पाऊस ओसरला तसं ऑक्टोबरात साताऱ्याहून निघाले. हिवाळा कोकण, कारवार, केरळ आणि तमिळनाडूत काढला, ऊन चढायला लागल्यावर उत्तरेकडे सरकत हिमाचलातल्या किन्नौर-स्पितीपर्यंत गेले आणि जूनमध्ये खंबाटकी घाट चढून परत आले. गाडी एकटीने चालवली, झोपले गाडीतच. आता गाडी खाली उभी आहे, मी वर फ्लॅटमध्ये आहे. कुठली वस्तू उपयोगी पडली, कुठली नुसतं ओझं ठरली आणि घरी आल्यावर काय झालं, हे सगळं एकदाच लिहून टाकते, कारण भेटणारा प्रत्येक जण हेच विचारतो.

उंच छताची डिझेल व्हॅन आहे, आत सरळ उभं राहता येतं. दुसरं काहीही कमी करा, ही उंची कमी करू नका. वाकून कपडे बदलणं आठवडाभर जमतं, पुढे कंबर बोलायला लागते. आतलं काम एका छोट्या वर्कशॉपमध्ये करून घेतलं: पलंग, त्याखाली कप्पे, ओटा, 60 लिटरची पाण्याची टाकी, 200 वॉटचं सोलर पॅनल आणि 12 व्होल्टची 100 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. काम काढण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल यांमुळे कंपनीने ठरवून दिलेल्या ढाच्यात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. म्हणून माझं सगळं फर्निचर नटबोल्टवर, काढता येण्यासारखं आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवून ठेवलं आहे.

विजेबद्दल लोक फार स्वप्नं बघतात. माझी बॅटरी पूर्ण भरली की त्यात सव्वा युनिटच्या आसपास वीज असते, बस. छोटा 12 व्होल्टचा फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला अर्धं युनिट घेतो. पंखा, दिवे, फोन आणि लॅपटॉप उरलेल्यात भागवायचे. इंडक्शन शेगडी विसरा: दीड हजार वॉटची शेगडी लावली की बॅटरीतून शंभराहून जास्त अँपिअर ओढले जातात. मी पाच किलोचा गॅस सिलिंडर ठेवला. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाशी गाडीबाहेर उघडणारं भोक हवंच. त्याबाबतीत कुणाचंही ऐकू नका.

केरळच्या किनाऱ्यावर एक पेच रोज पडायचा. गाडी माडांच्या सावलीत लावली तर आत बसता येतं, पण छतावरचं पॅनल काही देत नाही. उन्हात लावली तर बॅटरी भरते आणि आत भट्टी होते. यावर लांब केबलचं घडीचं पॅनल हाच उपाय निघाला: गाडी सावलीत, पॅनल उन्हात. छतावरच्या पॅनलइतकेच पैसे मी पुन्हा या पॅनलला देईन. चालत्या गाडीच्या आल्टरनेटरवरून बॅटरी भरणारा चार्जरही घ्या. साडेतीन-चार तासांच्या प्रवासात माझी रिकामी बॅटरी भरत आली की ढगाळ दिवसाची चिंता नसायची.

थंडीचं गणित वेगळं. लिथियम फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, तिच्यातला बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, चार्जिंग तोडतो. मेच्या सुरुवातीला स्पितीतल्या काझाच्या बाजूला पहाटे हे अनुभवलं. ऊन येऊन गाडी तापेपर्यंत सोलर नुसतं बघत बसायचं. साडेतीन हजार मीटरच्या वर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा कुकरशिवाय डाळ शिजत नाही. तीन लिटरचा कुकर ही माझ्या स्वयंपाकघरातली सर्वांत मोलाची वस्तू. खिडक्या बंद करून झोपलं की श्वासाची वाफ काचांवर आणि पत्र्यावर धरते आणि गादी खालून ओली होते. गादीखाली पट्ट्यांची जाळी ठेवा, सबंध प्लायवूड नको. छतावरचा पंखा थंडीतही थोडा उघडा ठेवा.

आता रात्रीचं: एकटी कुठे थांबतेस? बायका खाजगीत मला हाच प्रश्न विचारतात आणि पुरुष चारचौघांत. मी बहुतेक रात्री हायवेवरच्या मोठ्या, चोवीस तास चालू असणाऱ्या पेट्रोल पंपांवर काढल्या. आधी डिझेल भरायचं, मग मॅनेजरला विचारायचं, ट्रक वळायच्या जागेत न येता दिव्याखाली गाडी लावायची, तोंड बाहेर जायच्या दिशेला. पंपावर शौचालय असतं, पाणी असतं, आणि माणसं जागी असतात. मदुराईजवळच्या एका पंपावर डिझेल भरणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या. 'अक्का' म्हणून त्यांनी मला त्यांच्याच खोलीत अंघोळीला पाठवलं. देवस्थानांच्या भक्तनिवासांची आवारं हा दुसरा भरवशाचा पर्याय. समुद्रकिनारा चित्रात छान दिसतो, रात्री तिथं एकटीने थांबू नका. रामेश्वरमजवळच्या धनुष्कोडीला तर संध्याकाळनंतर थांबूच देत नाहीत. 1964 च्या वादळाने उद्ध्वस्त केलेलं गाव, दोन्ही बाजूंना समुद्र. दिवसा जाऊन मुकाट्याने परत यावं अशीच ती जागा आहे. तिथली बारीक वाळू दाराच्या रुळात जाते. आल्या आल्या ब्रशने काढली नाही तर सरकतं दार अडतं.

पोर्टेबल टॉयलेट घेतलं, वापरलं आणि पुन्हाही घेईन. रोजच्यासाठी नाही, तर रात्री दोन वाजता गाडीचं दार उघडावं लागू नये म्हणून. एकटीच्या सुरक्षिततेत कुलपाइतकंच महत्त्व मी याला देते. ते रिकामं फक्त शौचालयातच करायचं. नदीकाठी, शेतात कुठेही नाही.

ओझं ठरलं ते असं: घडीचं टेबल, दुसरी खुर्ची, ड्रोन, अर्ध्याहून जास्त कपडे आणि बाहेर लावायचा शॉवर. पुस्तकं मात्र कमी पडली.

घरी परतण्याबद्दल मला कुणी आधी काही सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. निघताना मनाची तयारी केली होती, परतताना केली नव्हती, तशी गरज वाटत नाही ना. पहिला आठवडा सुखाचा गेला: स्वतःचं न्हाणीघर, आईच्या हातची आमटी, पाय पसरायला जागा. मग एक बेचैनी सुरू झाली आणि तिचं मूळ कळायला वेळ लागला. लोकांना वाटतं की डोंगर-समुद्राची आठवण येत असेल. तशी येते, पण ती गोड आठवण आहे, तिने त्रास होत नाही. त्रास होतो तो प्रमाण हरवल्याचा. व्हॅनमध्ये सकाळी उठलं की तीन गोष्टी माहीत असायच्या: टाकीत पाणी किती, बॅटरी किती, आज रात्री मुक्काम कुठे. तेवढं जुळलं की दिवस जमला आणि उरलेला वेळ पूर्णपणे माझा. घरात नळ सोडला की पाणी येतं, बटण दाबलं की दिवा लागतो, मुक्काम ठरलेलाच. आणि तरीही दिवस संपताना वाटतं की काहीच पुरं झालं नाही.

पाण्याचं सांगते. गाडीत मला पिणं, स्वयंपाक, भांडी आणि अंगपुसणी धरून दिवसाला दहा लिटर पुरायचं. घरी अंघोळीची एक बादलीच वीस लिटरची. स्पितीत बर्फाचं पाणी 'कूल' नावाच्या छोट्या पाटांतून शेतात येतं आणि कुणाची पाणीपाळी कधी, हे गावाने ठरवलेलं असतं. एका आजींच्या अंगणाशेजारी गाडी उभी होती. त्या पहाटे फावडं घेऊन आपल्या पाळीला निघायच्या आणि पाणी वळवून झालं की चहाला हाक मारायच्या. साताऱ्यात माझ्या नळाला कासच्या तलावाचं पाणी येतं. वर्षानुवर्षं ते वापरलं, पण त्याचा विचार या जूनमध्ये पहिल्यांदा केला. आता अंघोळ अर्ध्या बादलीत होते, आणि त्यात काही त्याग वगैरे नाही. मला तेवढंच लागतं, हे आठ महिन्यांत मोजून कळलं आहे.

दुसरी गोष्ट एकटेपणाची. गाडीत मी एकटी होते, पण रोज कुणाशी तरी बोलल्याशिवाय दिवस जात नव्हता, कारण प्रत्येक गोष्ट विचारावी लागायची: पाणी कुठे, रस्ता कसा, थांबू का. घरी विचारायची गरजच उरत नाही. दार लावलं की दोन-दोन दिवस शेजाऱ्यांशी शब्द नाही. शिवाय आठ महिन्यांबद्दल ऐकायची माणसांची तयारी पाच मिनिटांची असते. 'भीती नाही वाटली?' आणि 'खर्च किती आला?' एवढं झालं की विषय लग्नकार्यावर जातो. याचा मला राग नाही, ज्याचं त्याचं जगणं चालू असतं. पण एकटीने लांब जाणाऱ्याने परत आल्यावर ऐकणारं एक तरी माणूस राखून ठेवावं. माझी धाकटी बहीण रोज रात्री जेवणानंतर एक ठिकाण ऐकते, नकाशा उघडून. तिच्यामुळे मी सावरले.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर: टाकी पूर्ण रिकामी करून वाळवा, गॅस खाली उतरवा, फ्रिजचं दार उघडं ठेवा, गाद्या घरात आणा. लिथियम बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका, निम्म्याच्या आसपास ठेवा. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून दर आठवड्याला बॉनेट उघडून बघा आणि गाडी नुसती चालू करू नका, थोडी फिरवून आणा.

घ्यावी का? एकटीने राहायची सवय असेल आणि महिनोन्‌महिने वेळ असेल तर घ्या. वर्षातून दोनदा सुट्टी मिळणार असेल तर भाड्याने घेणं शहाणपणाचं. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, भाड्याच्या गाड्या आता मिळतात. पहिली वेळ डिसेंबर-जानेवारीत आणि कोकणात करा. एप्रिल-मेमध्ये मैदानी भागात पत्र्याच्या गाडीत झोप लागत नाही, मग मत उगाच वाईट होतं.

दिवाळीनंतर मी पुन्हा निघणार आहे, या वेळी मध्य प्रदेश आणि ओडिशा. गाडीत दोनच बदल करतेय: बाजूला कापडी छत आणि मागच्या दारात दुसरा पंखा. वर्कशॉपवाल्याने मोठी टाकी सुचवली होती, ती नको म्हटलं.