आण्णांचा ट्रान्झिस्टर : आठ महिने रोज वापरल्यानंतर

आण्णांनी, म्हणजे माझ्या आईच्या वडिलांनी, १९६८ साली उसाचं बिल हातात पडलं तेव्हा हा ट्रान्झिस्टर घेतला. सहा मोठे सेल, एक मिडियम वेव्ह, दोन शॉर्ट वेव्ह, जाड चामड्याचं कव्हर. त्या कव्हरच्या खिशात पोस्टातली फीची तिकिटं चिकटवलेली, तेव्हा रेडिओला लागणाऱ्या लायसन्सची वहीसुद्धा अजून आहे. आण्णा गेल्यावर तो मामांच्या माळ्यावर पडून होता. गेल्या दिवाळीत मामीच म्हणाल्या, "तुझ्या आईचा जीव होता ह्याच्यावर. घेऊन जा."

असा रेडिओ हाती आला तर लगेच सेल घालून बघू नका. आमच्या पेटीत जुने सेल फुटून स्प्रिंगांवर हिरवा थर चढला होता. तो घासून काढला तरी आवाज फक्त घुर्रर्र. पहिल्या दुकानदाराने सांगितलं, आतलं सगळं काढून ब्लूटूथचं किट बसवू, बाहेरून तसाच दिसेल. मी रेडिओ उचलून घरी आणला. मग पुण्यातच एक जुने कारागीर सापडले. त्यांनी सुकलेले पाच कंडेन्सर बदलले, बँड स्विच आणि व्हॉल्यूम धुऊन काढले. आतला एक जर्मेनियम ट्रान्झिस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारा छोटा भाग, मात्र मेल्यासारखा होता. ह्या जातीच्या ट्रान्झिस्टरच्या धातूच्या टोपीत आतून कथलाचे केसाहून बारीक तंतू वाढतात आणि पायाला टेकून शॉर्ट करतात. चौथा पाय नुसत्या टोपीला जोडलेला असतो. त्यांनी तेवढाच कापला, आणि पुणे केंद्र खणखणीत लागलं. माझ्या अंगावर काटा आला. सगळा खर्च १,८०० रुपये.

आता रोजच्या वापराचं. माणसाचा आवाज ह्याच्यावर फार गोड येतो. लाकडी पेटी आणि मोठा स्पीकर, त्यामुळे बातम्या देणारा समोर बसल्यासारखा वाटतो. सेल दीड-दोन तास रोज लावूनही तीन महिने सहज जातात. एफएम नाही, ते धरूनच चाला. खरा त्रास घरातल्या एलईडी दिव्यांचा आणि मोबाइलच्या चार्जरचा, मिडियम वेव्हवर नुसती खरखर. आत मिडियम वेव्ह पकडणारी फेराइटची कांडी असते, तिला दिशा कळते. रेडिओ थोडा फिरवला की खरखर दबते आणि स्टेशन वर येतं. आमच्याकडे तो खिडकीत तिरपा ठेवला की बरोबर. पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरली, तेव्हापासून कव्हर काढून ठेवते. शॉर्ट वेव्ह लावायची तर गच्चीत जावं लागतं, आणि तीही अंधार पडल्यावर.

विकत घेणाऱ्यांना एवढंच सांगेन, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुठेही, पेटी चकचकीत आहे का ह्यापेक्षा मागचं झाकण उघडून बघा. आतल्या कॉइलचे गाभे कारखान्यातच जुळवलेले असतात, त्यांना कुणी पेचकस लावून फिरवलेलं नसेल तर बाकीचं दुरुस्त होतं.

एक गोष्ट मी कारागिरांकडे हट्टाने करून घेतली. डायलची दोरी तुटली होती. त्यांनी नवी ओढून काटा नेमका जुळवला, पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ आकड्यांवर अगदी जागच्या जागी. पण काचेवर आण्णांनी निळ्या पेन्सिलीने ओढलेली एक बारीक रेघ आहे, ती आकड्यापासून गव्हाच्या दाण्याएवढी डावीकडे. त्यांच्या वेळी काटा सरकलेला असणार आणि पुणे तिथेच लागत असणार. मी म्हटलं, काका, काटा रेघेवर आणा. ते म्हणाले, "मग सगळा डायल चुकेल." म्हटलं, चुकू दे.

आईला आता नीट दिसत नाही. पहिल्या दिवशी तिने काचेवरून बोट फिरवलं, मग चकती हळूहळू फिरवत विचारलं, "रेघेवर आला का गं?" मी हो म्हणेपर्यंत पुणे लागलं होतं.