तारखेआधी वार बघा: युरोप ग्रुप टूरच्या शेवटच्या तीन दिवसांचा रिव्ह्यू

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडून उन्हाळ्याच्या सुट्टीत निघणाऱ्या युरोप टूरमध्ये पॅरिस आणि स्वित्झर्लंडबद्दल सगळेच भरभरून बोलतात. परतीच्या आधीच्या, इटलीतल्या फ्लॉरेन्स-रोमबद्दल कुणी फारसं सांगत नाही. हा रिव्ह्यू त्या तीन दिवसांचाच आहे. टूर जळगावच्या एका टूरवाल्याची, ग्रुप चाळीस जणांचा, निम्मी मंडळी साठीच्या पुढची. जेवण उत्तम, टूर लीडर मनापासून काळजी घेणारा, बस स्वच्छ. पण कार्यक्रम आखताना वार पाहिलेला नाही, आणि त्यामुळे हातातोंडाशी आलेलं बरंच काही निसटतं.

आपल्याकडे सावद्याला किंवा वरणगावला जायचं तरी बाजाराचा वार कोणता हे आधी विचारतात. इथे फ्लॉरेन्स आलं सोमवारी. सोमवारी उफिझी हे चित्रसंग्रहालय बंद आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड हा पुतळा जिथे आहे ते अकादमिया संग्रहालयही बंद. 1504 साली पूर्ण झालेला, पाच मीटरहून उंच असा तो मूळ पुतळा आत. चौकात उभी आहे ती त्याची प्रतिकृती. ग्रुपने प्रतिकृतीसमोर फोटो काढले आणि अनेकांना तोच खरा वाटला. त्यांना हे सांगायला हवं होतं.

रोममध्येही तेच. व्हॅटिकनमधलं सेंट पीटर्स चर्च ठेवलं बुधवारी सकाळी. पोप रोममध्ये असले की बुधवारी सकाळी त्यांचं जाहीर दर्शन असतं. तेव्हा चौक भरलेला असतो आणि चर्चमध्ये दुपारपर्यंत जाता येत नाही. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडं. म्हणजे फ्लॉरेन्स सोमवारी नको, व्हॅटिकन रविवारी नको, बुधवारी असेल तर दुपारनंतर. बुकिंगचे पैसे भरण्याआधी कॅलेंडर समोर ठेवून एवढं तपासा.

दुसरी गोष्ट टूरच्या पत्रकातल्या शब्दांची. ‘कोलोझियम दर्शन’ म्हणजे रोमचं ते प्राचीन रिंगण फक्त बाहेरून. पंढरपूरला गर्दीत कळसाला हात जोडून समाधान मानता येतं, कारण पुन्हा जाणं होतं. सहा हजार किलोमीटरवर पुन्हा कोण जाणार? आतलं तिकीट साधारण 18 युरोचं, त्यात शेजारचं फोरम, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकाचे अवशेषही येतात. पण तिकिटावर नाव आणि आत जायची वेळ छापलेली असते, दारात पासपोर्ट बघतात. आपल्या अनेकांच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचंही नाव असतं. तिकिटावर नाव अगदी तसंच हवं, नाहीतर अडवणूक होऊ शकते. ऐनवेळी चाळीस तिकिटं एका वेळेची मिळत नाहीत. त्यामुळे ‘आत प्रवेश, तिकिटासह’ असं लेखी घ्या. पँथिऑन या प्राचीन रोमन देवळाच्या तिकिटाचंही तसंच. तिथे मात्र आत गेलंच पाहिजे: 43 मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट, वरती उघडं भोक, आणि पाऊस आत पडला तर पाणी जायला फरशीत बारीक छिद्रं. एकोणीसशे वर्षं झाली, लोखंडी सळई नसलेला तो घुमट उभा आहे.

चालण्याबद्दल आधी कुणीही सांगत नाही. जुन्या शहरात मोठ्या बसला प्रवेश नाही. फ्लॉरेन्सला बस नदीकाठी सोडते, तिथून कॅथेड्रल दीड किलोमीटरच्या आसपास. दोन्ही शहरांत दिवसाकाठी सात-आठ किलोमीटर धरून चला. रोमच्या गल्ल्यांत काळ्या दगडाचे चौकोनी ठोकळे बसवलेले असतात, वरून गुळगुळीत आणि मधल्या फटी बोटभर. चपलेची टाच त्यात अडकते, पाऊस पडला की पाय सरकतो, ट्रॉली बॅगेची चाकं निखळतात. जाड रबरी तळाचे, घरी महिनाभर वापरून मऊ केलेले बूट हवेत. गुडघेदुखी असलेल्यांसाठी घडीचं स्टूल न्यावं.

पाणी विकत घेऊ नका. रोममध्ये रस्त्यावर लोखंडी नळखांबांना अखंड पिण्याचं पाणी असतं. खालची तोटी बोटाने दाबून धरली की वरच्या बारीक भोकातून कारंज्यासारखी धार येते. भांड्याशिवाय पिता येतं. बाटली भरायची तर तोटी मोकळी सोडायची. आपल्या भागात मे महिन्याचं ऊन सोसलेल्या माणसाला हे नळ बघून बरं वाटतं.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडीला अडचण नाही, पदर खांद्यावर घेतला की झालं. बर्म्युडा घातलेल्यांना परत पाठवतात. पुरुषांनी टोपी काढायची, पांढरी गांधी टोपीसुद्धा. सेंट पीटर्सला विमानतळासारखी तपासणी असते, तेव्हा अडकित्ता, कात्री हॉटेलवर ठेवा.

संध्याकाळी रोम बघायचं स्वप्न बसच्या ड्रायव्हरवर अडतं. युरोपात ड्रायव्हरला साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबावंच लागतं आणि दिवसाला साधारण नऊ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. त्याला चहापाण्याचे पैसे देऊन हे बदलत नाही. म्हणून हॉटेल कुठे आहे हे विचारा. शहराबाहेर असेल तर जेवणानंतर त्रेवी कारंजं विसरा. या टूरचं हॉटेल बाहेर होतं, ही मोठी उणीव. शिवाय सिटी टॅक्स हॉटेलात वेगळा द्यावा लागतो: रोमला चार स्टारसाठी माणशी रात्रीला 7.50 युरो.

जेवणाला पूर्ण गुण. रोज रात्री गरम पोळी, वरण-भात, एकदा शेवभाजीही. ठेचा-चटण्या नेता येतात. पेढे, तूप युरोपात न्यायला बंदी आहे, दुधाचे पदार्थ चालत नाहीत. केळी मात्र चालतात.

परतीच्या दिवशी एक काम विसरू नका. फ्लॉरेन्सला चामड्याची पर्स घेतली आणि एका दुकानाचं बिल 70 युरोंच्या वर असेल, तर दुकानात पासपोर्ट दाखवून टॅक्स परतीचा फॉर्म घ्या. रोमच्या विमानतळावर वस्तू चेक-इन बॅगेत टाकायची असेल तर बॅग देण्याआधी कस्टम्सची मंजुरी घ्यायची. टॅक्स 22 टक्के असला तरी हातात त्याहून बराच कमी येतो. यासाठी विमानाच्या चार तास आधी पोहोचावं. या टूरने अडीच तास ठेवले होते, त्यामुळे ज्यांनी फॉर्म भरले त्यांचेही पैसे बुडाले.

मुंबईला उतरल्यावर रेल्वेचं तिकीट काढणार असाल तर मध्ये किमान सहा तास ठेवा. धुळेकरांना रस्त्याने येणं सोयीचं, नंदुरबार-अमळनेरवाल्यांनी सुरतमार्गे पश्चिम रेल्वेची गाडी बघावी. जळगाव-भुसावळसाठी दादर किंवा कल्याणहून चढा. चाळीस जणांच्या बॅगा घेऊन सीएसएमटी गाठण्याची गरज नाही.