स्वयंसेवक म्हणून घरबांधणी शिकताना आधी काय: वीटकाम की गिलावा?

आधी वीटकामच घ्या. चूक लगेच दिसते आणि माल (सिमेंट-वाळूचं ओलं मिश्रण) ओला असेपर्यंत वीट काढून पुन्हा बसवता येते. विटा आधी पाण्यात भिजवाव्यात. कोरडी वीट मालातलं पाणी शोषते आणि सांधा भुसभुशीत राहतो. सिमेंट-वाळू 1:6, सांधा 10 मिमी. उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नका. थर सरळ यावा म्हणून दोरी ताणतात; नवशिके या दोरीला वीट चिकटवतात, दोरी बाहेर ढकलली जाते आणि भिंतीला पोट येतं. वीट आणि दोरीत कागदाएवढी फट हवी. दर तीन-चार थरांनी ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) लावून भिंत उभी सरळ आहे ना ते बघा.

गिलाव्याला मनगट लागतं. थापीने माल भिंतीवर फेकायचा, पट्टीने ओढायचा, मग रंध्याने (सपाट लाकडी फळीने) घोटायचा. ही लय दोन दिवसांत येत नाही. आतून 12 मिमी जाडी पुरते. जाड थर एकदम मारला तर स्वतःच्या वजनाने सुटतो. वर कोरडं सिमेंट भुरभुरवून घोटण्याचा मोह टाळा, बारीक तडे जातात.

एकच शनिवार-रविवार हाताशी असेल तर गिलाव्यात माल कालवून द्या आणि बघा. आठवडाभर असाल तर भिंत रचा. पाणी मात्र दोन्हींवर किमान सात दिवस मारायचं.