खाऱ्या पाण्याचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर: बडोद्याहून किनाऱ्यावर नेण्याआधी

कंबोईला मही नदीच्या मुखाशी किंवा जामनगरजवळ पिरोटन बेटाला अभ्यासासाठी जाणाऱ्या बडोद्याच्या गटांनी ०–१०० पीपीटीचा (पीपीटी म्हणजे हजार भागांत किती भाग क्षार) साधा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षारता दाखवणारं उपकरण, जरूर घ्यावा. दोन-तीन थेंबांत काम होतं, सेल लागत नाही. मात्र डबीतून काढून थेट वापरलात तर आकडा चुकण्याची शक्यता मोठी.

कारण आतल्या मोजपट्टीत आहे. स्वस्त उपकरणांवरची बरीचशी पट्टी समुद्राच्या पाण्यासाठी नसून नुसत्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असते. समुद्राच्या खऱ्या ३५ पीपीटी पाण्याला ती साधारण ३६.५ दाखवते. तपासायला सोपं आहे. आधी डिस्टिल्ड वॉटर टाकून स्क्रूने शून्य जुळवा. मग ३.६५ ग्रॅम कोरडं, शुद्ध सोडियम क्लोराइड ९६.३५ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून थेंब टाका; हे द्रावण प्रकाश ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्याइतकाच वाकवतं. ३५ दिसलं तर पट्टी समुद्राची. ३६–३७ च्या मध्ये दिसलं तर मिठाची; मग याच द्रावणावर स्क्रू फिरवून ३५ ला आणा. ही दुरुस्ती ३५ च्या आसपासच खरी, हे वहीत लिहून ठेवा. स्वयंपाकाचं मीठ नको, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात.

दुसरी अडचण उन्हाची. तापमान आपोआप सांभाळण्याची सोय बहुतेक १० ते ३० अंशांपुरतीच असते. मे महिन्यात वाळूवर ठेवलेलं उपकरण त्याच्या बाहेर जातं. सावलीत ठेवा, जुळवणी तिथेच पुन्हा पाहा (स्क्रू ३५ ला आणला असेल तर त्याच द्रावणावर, नाहीतर शून्यावर), थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबा. झाकण लगेच लावा. उघडा थेंब वाऱ्याने आटतो आणि क्षारता वाढलेली दिसते. आत बुडबुडा राहिला तर थेंब पुन्हा टाका.

खंभातच्या आखाताचं पाणी गढूळ. गाळामुळे आत दिसणारी, जिथे आकडा वाचायचा ती निळ्या-पांढऱ्याची सीमा धूसर होते. बाटली घट्ट बंद करून गाळ बसू द्या, वरचं पाणी घ्या.

पट्टीवरचा एक भाग एक पीपीटीचा, म्हणून ३४.५ असा आकडा नोंदवू नका. पिरोटनच्या प्रवाळांजवळ एवढी बारकाई चालते. महीच्या मुखाशी भरती-ओहोटीत क्षारता झपाट्याने बदलते; नदीकडच्या ५ पीपीटीखालच्या पाण्यात एका पीपीटीची चूकसुद्धा मोठी ठरते. तिथे गटाने वर्गणी काढून विद्युतवाहकता मोजणारं मीटर घ्यावं. काम झालं की प्रिझम, म्हणजे थेंब टाकायची काच, गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या मऊ कापडाने पुसा, अख्खं उपकरण नळाखाली धरू नका.