यामाहा आरएक्स १०० ट्यून करायची असेल तर बेळगावातल्या शहापूरच्या या मिस्त्रींकडे न्या

माझी गाडी १९९४ ची, बाबांनी नवी घेतलेली, त्यामुळे विकायचा विषयच नाही. मे महिन्यात जांबोटी रोडला चढावर गाडी जाम झाली, आधी इंजिनचा आवाज बारीक झाला, उगाचच हलकी पळाल्यागत वाटली आणि एकदम मागचं चाक धरलं, क्लच दाबला म्हणून वाचलो. त्याच्या दोन महिने आधी एका गॅरेजवाल्यानं एअर फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर बसवला होता आणि कार्बोरेटरला हातसुद्धा लावला नव्हता. पिकअप वाढतंय म्हणाला, मी ऐकलं.

शहापूरातले हे मिस्त्री वयस्कर आहेत, दुकानाला बोर्ड नाही, गल्लीत कुणालाही टू-स्ट्रोकवाले मिस्त्री म्हणून विचारा. त्यांनी इंजिन खोलायच्या आधी स्पार्क प्लग काढून माझ्या हातात दिला. पांढराफटक! "कॉफीच्या रंगाचा पाहिजे बघ. हवा वाढवलास आणि पेट्रोल तेवढंच ठेवलास, मग पिस्टन धरणारच की." त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आपल्याच भागातले साखर कारखाने इथेनॉल करतात त्यामुळे तक्रार करवत नाही, पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो आणि जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मिक्स्चर अजून लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, हे मला त्यांच्याकडेच कळलं. आणि ज्यांनी ऑइल पंप काढून टाकीतच ऑइल मिसळलंय, त्यांचं पेट्रोल कमी तर ऑइलही कमी.

कंपनीचा डबा परत बसवला, मेन जेट एक नंबर मोठा, कार्बोरेटरच्या सुईची क्लिप एक खाच खाली, एअर स्क्रू दीड आटे. सिलिंडर उद्यमबागला रिबोर करून (आतून कापून थोडा मोठा करून) आणला, पिस्टन पाव एमएम ओव्हरसाइज. फ्लोट चेंबरचं रबर फुगलं होतं तेही बदललं. मग मला मागे बसवून गाडी थर्डला फुल ताणली, तिथंच इंजिन बंद करून क्लच दाबला, बाजूला घेऊन गरम प्लग काढून बघितला, परत जेट बदललं, असं तीनदा!! एवढा जीव लावून काम करणारं आता कोण राहिलंय सांगा.

इंजिनला वेगळं ऑइल पुरवणारा ऑइल पंप काढू नका असं मिस्त्री म्हणतात, त्यातली हवा नीट काढली की झालं. ज्यांचा आधीच काढलाय त्यांनी लिटरला ३० एमएल, जासो एफसी नाहीतर एफडी ग्रेडचं टू-स्ट्रोक ऑइल घालायचं, आणि टाकीत आधी ऑइल ओतून मग वरून पेट्रोल भरायचं म्हणजे धारेनं मिसळतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढतं, आणि ते पाणी खाली बसलं की पहिल्या किकलाच कार्बोरेटरमध्ये येतं.

वाईट काय तर वेळ. आठ दिवस सांगून एकोणीस दिवस लावले, फोन उचलत नाहीत, दोन वेळा चक्कर फुकट गेली आणि त्याचा मला खरंच राग आला होता. लेबर १८०० घेतलं, पिस्टन आणि रिबोर वेगळं, कॅशच लागते. रिबोर झालेल्यांना पहिले ५०० किलोमीटर ताणू देत नाहीत, मध्ये एकदा परत बोलावून प्लग बघतात, त्याचे पैसे घेत नाहीत. सकाळी अकराच्या पुढं जावा, जुना प्लग फेकून न देता बरोबर न्या, ते आधी तोच मागतात.